ट्रम्पेटवर एकाच सुराला ओठ थरथरतो? आधी रियाज थांबवा

लक्षण असं आहे. खालचा सी हा सूर स्वच्छ निघतो. वरचा सी निघतो, त्याच्या वरचेही दोन-तीन सूर निघतात. पण मधला जी धरला की ओठाचा डावा कोपरा आपसूक ओढला जातो, बाजूने फुसकन हवा सुटते आणि सूर असा थरथरतो, जणू मागून कोणी खांदा धरून हलवून रायलं. दुखत काहीच नाही. ट्रम्पेट खाली ठेवला की तोंड एकदम ठणठणीत. चहा पिता येतो, शिट्टी मारता येते, बायकोशी भांडता येतं. पुन्हा ट्रम्पेट तोंडाला लावला की पुन्हा तोच जी आणि पुन्हा तेच.

नागपुरात बँड पार्टीत वाजवतोय त्याला बावीस वर्षं झाली. हा त्रास (त्याचं नाव फोकल डिस्टोनिया, ते काय ते पुढे सांगतो) सुरू होऊन सहा वर्षं झाली. त्यातलं पहिलं दीड वर्ष मी जे जे केलं, त्या प्रत्येक गोष्टीने तो वाढला. ओठ कमजोर झाला असं वाटलं म्हणून रियाज दुप्पट केला. पहाटे अंबाझरी तलावाच्या बाजूला जाऊन तासन्‌तास तोच एक जी फुंकत बसायचो. तुमचंही हेच चाललं असेल तर पुढचं वाचेपर्यंत तरी वाद्य पेटीत ठेवा.

आधी वाद्यावरचा संशय मिटवा, त्याला दहा मिनिटं पुरतात. शेजारच्या वादकाचा ट्रम्पेट घ्या, तोही स्वतःच्या माउथपीसने (ओठाला लावायच्या वाटीने) नाही, त्याच्याच माउथपीसने, आणि तोच सूर धरा. बिघाड त्याच सुरावर तसाच आला तर वाद्य सुटलं. नाही आला तर आपलं वाद्य बघा. पिस्टन (बोटाने दाबायची कळ) न दाबता त्याची स्लाइड (सरकती नळी) झटक्यात बाहेर ओढली की ‘पॉक’ असा आवाज यायला हवा. नुसतीच सरकत बाहेर आली तर हवा गळते आहे. थुंकी काढायच्या चावीचं बूच कुजलंय का तेही बघा. आणि माउथपीस जिथे बसतो ती नळी आतून कधी धुतली होती, हे आठवून बघा. माझ्यातून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ओठ. थकलेला ओठ आणि हा आजार यातला फरक वेळेवरून कळतो. सलग चार वराती वाजवल्यावर ओठ सुजतो, जड होतो, आधी वरचे सूर जातात आणि तीन-चार दिवस आराम केला की परत येतात. हा थकवा. आमच्या आजारात सकाळी उठून, ताज्या ओठाने, पहिलाच सूर फुटतो. आठ दिवस आराम करून या, तो सूर तिथेच वाट पाहत उभा असतो. आणि वरचे सूर, ज्यांना खरं म्हणजे जास्त जोर लागतो, ते चांगले निघतात. इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. कमजोरी असती तर आधी वरचे गेले असते.

जोरात वाजवताना अचानक ओठात कळ आली आणि त्यानंतर ताकदच गेली, असं झालं असेल तर प्रकरण वेगळं आहे. ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटू शकतो. अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ‘सॅचमो’ या टोपणनावावरून डॉक्टर त्याला सॅचमो सिंड्रोम म्हणतात. त्याचा इलाज वेगळा, कधी शस्त्रक्रियाही लागते. समोरचा दात हलला, घासला, कॅप बसवली, तरी माउथपीसची बैठक बदलते. तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे एक चक्कर मारून या.

आता खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. हे नागपूर आहे, त्यामुळे टाळून चालणार नाही. आमच्या पार्टीत चौदा जण, त्यातले नऊ जण खर्रा घोटतात. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू जाड आणि कडक होते, तोंड उघडणं कमी होतं, तिखट लागलं की आग होते, फुंकायला आणि शिट्टी मारायला त्रास होतो. सावजी खाताना पूर्वी मजा यायची आणि आता डोळ्यांत पाणी येतं, असं होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. आपली तीन बोटं उभी करून तोंडात घाला. तिन्ही जात नसतील तर ट्रम्पेटचा विषय बाजूला ठेवा आणि आधी तोंड दाखवा, कारण त्याच कातडीत पुढे कॅन्सर होऊ शकतो. आमचा साइड ड्रमवाला माझ्या ओठांची चौकशी करता करता हे ऐकून गेला आणि त्याची दोनच बोटं गेली. तो आता मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या मारतोय, पण वेळेत मारतोय.

अर्धा चेहरा एकाएकी लोंबला, डोळा मिटत नाही, जीभ अडखळते, हात जड वाटतो, असं काही असेल तर ‘उद्या बघू’ नको, त्याच तासाला दवाखाना. आणि डोळ्याची पापणी फडफडते, गाल आपोआप उडतो, तेही वाद्य हातात नसताना, तर तोही दुसराच आजार.

एवढं सगळं तपासून उरलं ते आमचं. त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. वाद्य फुंकताना ओठांचा जो आकार आपण धरतो त्याला एम्बुशर, म्हणून एम्बुशर डिस्टोनिया. व्यावसायिक वादकांत साधारण शंभरात एकाला कुठला ना कुठला डिस्टोनिया होतो असं धरलं जातं. पियानोवाल्याची, तबलजीची बोटं वळतात आणि आमचे ओठ. न्यूयॉर्कचे स्टीव्हन फ्रुख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा २६ ब्रास आणि वुडविंड वादकांची माहिती छापली. बहुतेकांचा त्रास एखाद्याच पट्टीत किंवा एखाद्याच प्रकारच्या वादनात सुरू झालेला. ते कळलं तेव्हा माझ्या मधल्या जीचं मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्या क्षणापर्यंत आपल्यालाच भूत लागलंय असं वाटायचं.

बिघाड ओठात नसतो, मेंदूत असतो. मधला जी वाजवताना ओठ सेकंदाला साधारण साडेतीनशे वेळा कंप पावतात. ते कंपन हवा करते. ओठांचे स्नायू फक्त नेमका ताण धरून ठेवतात आणि तो ताण मेंदू ठरवतो. मेंदूत ओठांसाठी मोठी जागा राखलेली आहे. वर्षानुवर्षं तीच बारीक हालचाल करून तिथल्या हद्दी पुसट होऊ शकतात. बँडमास्तरने इशारा केला क्लॅरिनेटला आणि सोबत युफोनियम (मोठं पितळी वाद्य) आणि ढोलही सुरू झाला, तर काय होईल? तेच. कोपऱ्यातल्या स्नायूला हुकूम जातो आणि शेजारचेही ‘आलो’ म्हणून धावतात. म्हणून जास्त रियाज म्हणजे चुकीच्या इशाऱ्याचाच रियाज. अंबाझरीवर मी दीड वर्ष तेच घोटत होतो.

डॉक्टरकडे जाताना वाद्य सोबत न्या

धंतोली-रामदासपेठेत पाटी नसलेली भिंत सापडणं कठीण, डॉक्टरांची कमी नाही. पण मी पहिल्यांदा गेलो ते हात हलवत गेलो. डॉक्टर म्हणाले, बोलताना काही होतं का? नाही. जेवताना? नाही. एमआरआय काढला, नॉर्मल. ‘टेन्शन कमी करा, झोप घ्या.’ त्यांचीही पूर्ण चूक नाही. हा आजार बसल्या जागी दिसतच नाही, एमआरआयमध्येही नाही आणि रक्तातही नाही. तो फक्त वाजवताना दिसतो.

दुसऱ्या वेळी दुसरीकडे गेलो ते ट्रम्पेट पेटीत घेऊन. न्यूरोलॉजीच्या मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘वाजवून दाखवा.’ मी विचारलं, इथे? त्या म्हणाल्या, ‘मग काय वरातीत येऊन बघू?’ ओपीडीच्या खोलीत ट्रम्पेटचा आवाज केवढा होतो, राजेहो! दारात गर्दी जमली, शिपाई धावत आला, आणि एक आजी लाठी टेकत आत डोकावून म्हणाली, ‘कोणाचं लगन हाय वं बाई?’ मॅडमचं लक्ष नव्हतं. त्या टॉर्च धरून माझ्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मग नुसता माउथपीस फुंकायला लावला. मग माउथपीसशिवाय, नुसते ओठ. ओठ नुसते फुंकले तेव्हा कोपरा शांत. धातू टेकला की सुरू. त्यांनी कागदावर नाव लिहिलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही नाटक करत नाही, आणि हे वेडही नाही.’ घरी येऊन बायकोला तेवढं एकच वाक्य सांगितलं. तिच्याच भावाने आधी विचारलं होतं, ‘भाऊजी पिऊन तं नाही ना वाजवत?’

जाण्याआधी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून न्या. एक समोरून, एक बिघडणाऱ्या बाजूने, आणि एक चांगल्या सुराचा, तुलनेसाठी. माझ्या व्हिडिओत दिसलं की कोपरा सूर सुरू झाल्यावर ओढला जात नव्हता. श्वास घेऊन ओठ बंद करतानाच, सुराच्या आधीच, तो निघालेला असायचा. पुढे या एका गोष्टीवरच सगळा रियाज बसवला.

घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पानं सोबत न्या. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरची सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची काही औषधं, यांनीही चेहऱ्याचे-जबड्याचे स्नायू वाकडे वागू शकतात. तशा गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका, फक्त दाखवा. वय कमी असेल तर डॉक्टर विल्सन आजाराची तपासणी सांगतात. त्यात शरीरात तांबं साचतं. रक्त, लघवी आणि डोळ्यांची तपासणी होते. खर्च वाटला तरी टाळू नका, तो आजार वेळेत सापडला तर औषधाने आटोक्यात येतो.

औषधांचं काय झालं

मला ट्रायहेक्सिफेनिडिल दिली, कमी डोसपासून. थोडा फरक वाटला. पण तिने तोंड कोरडं पडतं, आणि कोरड्या ओठाने ट्रम्पेट म्हणजे वाळूत सायकल. त्याहून मोठी गोष्ट मला मॅडमनीच आधी सांगितली: या गोळीने घाम कमी येतो. मे महिन्यातलं नागपूर, पारा पंचेचाळीसच्या वर, अंगात जाड कापडाचा, सोनेरी झालरीचा ड्रेस, डोक्यावर टोपी, आणि घाम येत नाही. माणूस वरातीतच आडवा व्हायचा. म्हणून उन्हाळ्याचा सीझन सुरू व्हायच्या आधी त्यांनी ती हळूहळू कमी करून बंद केली. तुमचे डॉक्टर ही गोळी देत असतील तर उन्हात वाजवतो हे त्यांना स्वतःहून सांगा. त्यांना कुठून माहीत असणार?

बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू ढिला करणाऱ्या इंजेक्शनचं, सगळ्यांना आकर्षण असतं. लिऑन फ्लायशर नावाचे अमेरिकन पियानोवादक, १९६० च्या दशकात त्यांच्या उजव्या हाताची बोटं आत वळायला लागली. कित्येक वर्षं डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या आणि पुढे बोटॉक्सचा आधार घेऊन दोन्ही हातांनी वाजवायला परतले. पण तो हात होता. बोटाचा स्नायू थोडा ढिला पडला तर चालून जातं. ओठाचा पडला तर बाजूने हवा गळते, लाळ गळते. परिणामही तीनेक महिन्यांचाच. मला मॅडमनी साफ सांगितलं, ‘तुमचं पोट ओठावर आहे, मी घाई करणार नाही.’ मीही नाही केली.

मेडिकल स्टोअरवाल्या मित्राने स्टेजच्या भीतीवरची प्रोप्रानोलोल पुढे केली होती. भीतीने हात थरथरत असेल तर तिचा उपयोग होतो, डिस्टोनियावर तो इलाज नाही, आणि दमा असणाऱ्याने तर तिच्या वाटेलाही जाऊ नये.

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

आमच्या धंद्याची एक सोय आहे: चातुर्मासात लग्नं नसतात. मधे मारबतीची मिरवणूक आणि गणपती, बाकी रिकामं. ती दोन कामं मी मास्तरला सांगून सोडली आणि चार महिने ओठाला नव्याने शाळेत घातलं.

पहिला महिना ट्रम्पेट नाहीच. नुसता श्वास, आणि आरशासमोर ओठ बंद करणं. बस. श्वास घ्यायचा, ओठ टेकवायचे, कोपरा निघाला की थांबायचं. फुंकायचं नाही. हे इतकं कंटाळवाणं आहे की बोलू नका. पण सूर सुरू व्हायच्या आधीची चूक सूर वाजवून कशी सुटेल?

मग एक जुगाड केला. जुन्या माउथपीसची वाटी लेथवाल्याकडून कापून घेतली आणि फक्त वरची गोल कडा ठेवली, खाली एक तार डाग देऊन जोडली. लेथवाला म्हणे, ‘चांगला माल कायले कापून रायला बे?’ ती कडा ओठाला लावली की आतला ओठ आरशात दिसतो. त्यात ओठ फुंकायचे, एका वेळी दोन मिनिटं, घड्याळ लावून. दिवसातून पाच वेळा. एकदम दहा मिनिटं नाही. थरथर सुरू होईपर्यंत वाट बघायची नाही, ती येणार असं वाटताच थांबायचं. बाकी काही नाही जमलं तरी एवढं जमवा.

तिसऱ्या महिन्यात ट्रम्पेट, पण जी वर्ज्य. वरच्या सीवरून सुरू करून एकेक अर्धा सूर खाली, अगदी हळू आवाजात. ए नीट निघाला तर आज तेवढंच. जीभ मारून सूर सुरू केला की कोपरा लगेच पळायचा, म्हणून ‘तू’ सोडून ‘हू’ म्हणत, नुसत्या हवेने सुरुवात. ज्या दिवशी ए-फ्लॅटवरून सरकत जीवर पोचलो आणि तो चार सेकंद उभा राहिला, त्या दिवशी मी लगेच पेटी बंद केली. मोह खूप झाला, पण केली.

एक चमत्कारिक गोष्ट. प्लंबर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप माउथपीसच्या कडेला डाव्या बाजूने एक वेढा लावली तर कोपरा शांत राहायचा. ओठाला स्पर्श वेगळा लागला की मेंदू जुनी चूक विसरतो, या आजारात अशा युक्त्या बऱ्याच जणांना सापडतात. मला वाटलं, सापडलं! तीन आठवड्यांत तिचा असर संपला. मोठ्या वाटीचा माउथपीस घेतला, तो दीड महिना चालला. युक्ती लागू पडली तर जरूर वापरा, पण तिच्या भरवशावर लगेच वरातीची सुपारी घेऊ नका. मी घेतली होती आणि बडकस चौकात नवरदेवाच्या मामासमोर तोंडघशी पडलो.

सीझनमध्ये

पूर्ण बरा झालो नाही, आणि हा आजार पूर्ण जातोच असं मला कोणी सांगितलेलं नाही. पण वाजवतोय. हळू वाजवलं तर जी दहातून आठ वेळा निघतो. जोर लावला की चार वेळा. आणि मागून धुमाल, म्हणजे आमच्याकडचा तालवाद्यांचा दणदणीत ताफा, येत असेल तर कोण हळू वाजवू देतो? धुमालच्या डब्यांशी आवाजाची स्पर्धा करणं हे ट्रम्पेटवाल्याच्या ओठाचं मरण आहे, डिस्टोनिया असो वा नसो. मी स्पर्धा सोडली. मास्तरला सांगून माइक माझ्याकडे वळवून घेतला.

अर्ध्या गाण्यांना आता मी युफोनियम धरतो. त्याचा माउथपीस मोठा, ओठाला वेगळा लागतो, आणि माझा कोपरा त्यावर अजून तरी शांत आहे. सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही, पण एखाद्याचं युफोनियम मागून दोन दिवस फुंकून बघायला काय जातं? पैसे थोडे कमी मिळतात, कारण नोटा ओवाळायला लोक ट्रम्पेटवाल्याकडेच येतात. आमच्यात ठरलंय, त्या नोटा शेवटी एकत्र करून वाटायच्या.

मास्तरला सांगायला मी दोन वर्षं लावली, ती माझी सगळ्यात मोठी चूक. काम जाईल ही भीती होती. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अबे, मी समजलो तू दुसऱ्या पार्टीत जाऊन रायला, म्हणून मन लावून वाजवत नाही.’ मग बसून आम्ही नेहमीच्या तीस-पस्तीस चालींमधली लांब जीची ठिकाणं शोधली. काही चाली एक सूर वर नेल्या, काहींत ती ओळ क्लॅरिनेटला दिली. आता ती जागा आली की मास्तर माझ्याकडे बघत नाहीत, क्लॅरिनेटवाल्याकडे बघून मान हलवतात, आणि मी तेवढ्यात थुंकीची चावी दाबून पाणी काढून घेतो.